सोलापूरच्या उन्हातलं ओव्हरक्लॉकिंग: ग्राफिक्स पोटात असलेला प्रोसेसर नेमका कुठे अडतोय, ते कसं शोधायचं

वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नाही म्हणून रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर घेतला. बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ग्राफिक्सचा क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, १९०० मेगाहर्ट्झवरून २३०० केला. गेम लावला तर फ्रेम होत्या तिथेच. किंवा पाच मिनिटं बरी गेली आणि स्क्रीन काळी झाली. अशा वेळी नवखा माणूस हमखास व्होल्टेज वाढवतो, आणि तिथून गुंता वाढत जातो.

या प्रोसेसरना अडवणाऱ्या गोष्टी मोजून पाच आहेत: बोर्डाचं कुलूप, रॅमचा वेग, विजेची मर्यादा, उष्णता आणि खुद्द चिपची कुवत. यांतल्या फक्त शेवटच्या गोष्टीवर व्होल्टेज हा उपाय आहे. कुलूप आणि रॅमचा वेग यांना ग्राफिक्सच्या व्होल्टेजने काही फरक पडत नाही. वीज आणि उष्णता यांच्या बाबतीत तर ते वाढवलं की दुखणं बळावतं. म्हणून आधी अडसर ओळखायचा आणि मग हात घालायचा. खाली पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. क्रम मोडू नका, कारण रॅम तपासल्याशिवाय ग्राफिक्सचा क्लॉक वाढवणं म्हणजे अरुंद बोळात मोठी गाडी घालणं.

उदाहरणासाठी ५६००जी, बी४५० किंवा बी५५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक आणि डब्यातच मिळणारा रेथ स्टेल्थ कूलर धरला आहे. जुने २२००जी, २४००जी, ३२००जी आणि ३४००जी, नवे ८६००जी आणि ८७००जी, शिवाय इंटेलचे प्रोसेसर, यांचे फरक जिथल्या तिथे सांगितले आहेत.

एक गोष्ट आधीच पक्की डोक्यात ठेवा. ओव्हरक्लॉकिंगमुळे, म्हणजे ठरलेल्यापेक्षा वेग वाढवल्यामुळे, चिप गेली तर कंपनीची वॉरंटी ती भरून देत नाही. पुढे व्होल्टेजचे जे कमाल आकडे दिले आहेत, ते ओलांडू नका.

पायरी १: वही काढा आणि मूळ आकडे लिहा

बायोस डिफॉल्टवर आणा. विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो (तापमान, क्लॉक, वीज दाखवणारा प्रोग्रॅम) टाका आणि फक्त सेन्सर दाखवणारा पर्याय निवडून उघडा. ग्राफिक्सच्या चाचणीसाठी युनिजीन सुपरपोझिशन किंवा हेवन, प्रोसेसरसाठी सिनेबेंच आर२३. मूळ आकड्यांची प्रत्येक चाचणी किमान २० मिनिटं सलग चालली पाहिजे. पहिल्या दोन-तीन मिनिटांचे आकडे फसवे असतात; हीटसिंक तापायला वेळ लागतो आणि काही वीज-मर्यादा तर मुद्दाम काही मिनिटांनी लागू होतात.

वहीत एवढं लिहा: ग्राफिक्स क्लॉकची सरासरी, प्रोसेसरचं कमाल तापमान, पॅकेजची वॅटमधली वीज, चाचणीचा गुण, रॅमचा वेग, आणि खोलीचं तापमान. शेवटचा आकडा बहुतेक जण लिहीत नाहीत. सोलापुरात तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरतो, का ते पाचव्या पायरीत येईल. भिंतीवरचा साधा थर्मामीटर पुरतो, पण तो कॅबिनेटच्या मागच्या गरम हवेत टांगू नका.

इथून पुढे एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले आणि मशीन हँग झालं, तर कशाने झालं ते कळायला मार्ग उरत नाही.

पायरी २: कुलूप आहे का ते बघा

सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मेनबोर्ड टॅबमध्ये चिपसेटचं (बोर्डच्या मुख्य चिपचं) नाव दिसतं. ए३२०, ए५२० आणि ए६२० या चिपसेटवर प्रोसेसरचा मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा गुणक) वाढवता येत नाही. बी३५०, बी४५०, बी५५०, बी६५० आणि एक्स मालिकेवर येतो. ए मालिकेचा बोर्ड असेल तर निराश होऊ नका. त्यावर रॅमचा वेग बहुधा वाढवता येतो, आणि या प्रोसेसरमध्ये खरा फायदा तिथेच आहे.

इंटेलमध्ये मल्टिप्लायर वाढवायला नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड, दोन्ही लागतात. रॅमच्या बाबतीत एच५७० आणि बी५६० पासून पुढे मोकळीक आली. त्याआधीच्या बी४६० वर दहाव्या पिढीचा आय५ असेल तर रॅम २६६६ च्या पुढे जात नाही, स्टिकवर ३२०० छापलेलं असलं तरी. बाराव्या पिढीच्या बिगर-के प्रोसेसरमध्ये मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज कुलूपबंद आहे, त्यामुळे तिथे फार वेगवान रॅम घेण्यात पैसे घालू नका.

बोर्ड योग्य असूनही ग्राफिक्स क्लॉकचा पर्याय सापडत नसेल तर तीन कारणं तपासा. पहिलं, तो वेगळ्या मेनूत असतो: असूसमध्ये एआय ट्वीकर, एमएसआयमध्ये ओसी, गिगाबाइटमध्ये ट्वीकर, एएसरॉकमध्ये ओसी ट्वीकर, काही बोर्डांत एएमडी ओव्हरक्लॉकिंग नावाच्या उपमेनूत, तिथली धोक्याची सूचना मान्य केल्यावरच उघडतो. दुसरं, स्लॉटमध्ये जुनं ग्राफिक्स कार्ड बसलेलं असेल तर बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतो आणि पर्यायही गायब होतो. तिसरं, बायोस जुना असतो.

एकच पर्याय दोन मेनूत दिसला तर एकाच ठिकाणी आकडा भरा आणि दुसरा ऑटोवर ठेवा. दोन्हीकडे वेगवेगळे आकडे भरले की कोणता लागू झाला ते कळत नाही.

बायोस अपडेट करताना मशीन यूपीएसवर असलंच पाहिजे. अपडेट अर्धवट असताना वीज गेली तर बोर्ड चालू होत नाही, आणि मग बहुधा चिप प्रोग्रॅमरने बायोस पुन्हा भरून घ्यावा लागतो. सोलापुरात उन्हाळ्याच्या दुपारी किंवा वळिवाचा वारा सुटलेला असताना हे काम हातात घेऊच नका.

पायरी ३: रॅम, म्हणजे खरी लढाई

वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची वेगवान मेमरी असते. पोटातल्या ग्राफिक्सला ती नसते. ते प्रोसेसरच्याच रॅममधून वाटा घेतं. म्हणून ग्राफिक्सचा क्लॉक कितीही वाढवला तरी रॅममधून माहिती तेवढ्या वेगाने आली नाही, तर ते नुसतं वाट बघत बसतं. बाजारातून सूत आलंच नाही तर माग कितीही वेगात फिरवून टॉवेल निघत नाही, तसंच हे.

हिशोब सोपा आहे. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माहिती देऊ शकते. दोन स्टिक वेगवेगळ्या चॅनलवर बसवल्या तर ५१.२ जीबी. त्याच दोन स्टिक २४०० वर चालत असतील तर ३८.४, आणि ३६०० वर ५७.६. म्हणजे १६ जीबीची एकच स्टिक घालणं हे आपल्या हाताने निम्मा रस्ता बंद करणं आहे. दुकानात तयार मशीन घेताना एक स्टिक घालून देतात, ‘नंतर दुसरी वाढवता येईल’ म्हणतात. तिथेच ८ च्या दोन मागून घ्या.

आधी तपासा. सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये डीरॅम फ्रिक्वेन्सीचा आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. १६०० दिसलं तर रॅम ३२०० वर आहे. १०६६ किंवा १२०० दिसलं, तर एक्सएमपी (स्टिकवर छापलेला वेग लागू करणारं सेटिंग) चालू केलेलं नाही. बायोसमध्ये ते चालू करा. असूसच्या एएमडी बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी असतं, डीडीआर५ वर एक्सपो. चॅनल सिंगल दिसत असेल तर स्टिक चुकीच्या खाचेत आहेत. चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी, या दोन वापरा.

एवढं करून पुन्हा चाचणी घ्या. अनेकांचं काम इथेच भागतं.

त्यापुढे जायचं असेल तर ३२०० वरून ३६००, मग ३८००, मग ४०००, असं चढत जा. एफसीएलके नावाचा आकडा (प्रोसेसरच्या आतल्या दुव्याचा क्लॉक) रॅमच्या आकड्याच्या निम्मा ठेवा: ३६०० ला १८००, ४००० ला २०००. बरेच ५६००जी २००० पर्यंत साथ देतात. रॅमचं व्होल्टेज १.३५ वरून १.४० पर्यंत न्यायला हरकत नाही. हीटस्प्रेडर नसलेल्या उघड्या स्टिकला इथल्या उन्हाळ्यात त्याच्या वर नेऊ नका. २०००जी आणि ३०००जी मालिकेला कंपनीचा अधिकृत वेग २९३३ आहे. त्यांच्याकडून ३२०० सहसा निघतं, पुढचं त्या त्या चिपच्या नशिबावर.

इथे काय बिघडतं ते बघू. आकडा जास्त झाला तर पंखे फिरतात पण स्क्रीनवर काही येत नाही. घाबरू नका आणि लगेच बटणही दाबू नका. बोर्ड स्वतः दोन-तीनदा प्रयत्न करतो, बंद-चालू होतो आणि जुन्या वेगावर परत येतो. पाच मिनिटांतही आला नाही, तर एसएमपीएसचं (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) मागचं बटण बंद करा, वायर काढा, बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी काढून पाच मिनिटं थांबा आणि परत बसवा. किंवा सीमॉस रिसेटच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक काही सेकंद टेकवा, तेही मेन वीज बंद असतानाच.

मशीन चालू झालं म्हणजे रॅम पास झाली, असं समजू नका. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घालून चारही फेऱ्या होऊ द्या. एकही चूक चालणार नाही. ग्राफिक्सची चूक झाली तर गेम बंद पडतो. रॅमची चूक झाली तर फाइल खराब होते, आणि ते महिनाभराने कळतं. कॉलेजचा प्रोजेक्ट किंवा दुकानाचा हिशोब त्याच मशीनवर असेल तर चूक दाखवणाऱ्या वेगाच्या एक पायरी खालीच थांबा.

जाता जाता यूएमए फ्रेम बफरबद्दल. रॅममधला किती भाग ग्राफिक्ससाठी राखून ठेवायचा, एवढंच तो ठरवतो. १६ जीबी रॅम असेल तर २ जीबी ठेवा, ८ असेल तर ५१२ एमबी किंवा १ जीबी. हा आकडा वाढवून वेग वाढत नाही. काही गेम सुरू होतानाच ग्राफिक्स मेमरी मोजतात आणि कमी दिसली तर अडून बसतात, त्यांच्यासाठीच तो उपयोगी आहे.

पायरी ४: विजेची मर्यादा

लक्षण ओळखायला सोपं आहे. गेम सुरू होताना क्लॉक २२०० असतो, दोन-तीन मिनिटांनी १७०० वर येतो आणि तिथेच राहतो, पण तापमान ७५ च्या आसपास. म्हणजे उष्णतेचा दोष नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये सीपीयू पीपीटी लिमिट ही ओळ बघा. ती १०० टक्क्यांना टेकलेली असेल, तर विजेचा कोटा संपला आहे.

६५ वॅटच्या या प्रोसेसरना सॉकेटवरून जास्तीत जास्त ८८ वॅट घेऊ द्यायचे असं ठरलेलं असतं, आणि त्यातच प्रोसेसरचे कोर, ग्राफिक्स आणि मेमरी कंट्रोलर या तिघांनी भागवायचं असतं. कोरना जास्त दिलं की ग्राफिक्सच्या ताटातलं कमी होतं. नवखे लोक प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही एकदम वाढवतात आणि गेम आधीपेक्षा मंद होतो, त्याचं कारण हेच.

उपाय असे करून बघा. बायोसमध्ये सीटीडीपी (प्रोसेसरच्या विजेचा बदलता येणारा आकडा) ४५ वॅटवर अडकलेलं नाही ना ते बघा. छोट्या कॅबिनेटवाल्या मशीनमध्ये ते तसं सापडतं. ६५ करा. प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह हा पर्याय असेल तर पीपीटी, म्हणजे ही ८८ वॅटची मर्यादा, हाताने ९५ ते १०० वॅट ठेवता येतो, पण बोर्डचा व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) त्या तोलाचा असेल तरच. सगळ्यात चांगला उपाय मात्र कोरची भूक कमी करणं. ५६००जी वर कर्व्ह ऑप्टिमायझर (कोरचं व्होल्टेज कमी करणारा पर्याय) ऑल कोअर निगेटिव्ह १० ठेवा, टिकलं तर १५. तेवढ्याच कामाला कोर कमी वीज घेतात आणि उरलेली ग्राफिक्सला मिळते. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधली तरी असाच फायदा होतो.

स्टॅपम नावाची आणखी एक मर्यादा आहे. लॅपटॉपचं अंग हाताला चटके देण्याइतकं तापू नये म्हणून ती काही वेळाने वीज कमी करते. डेस्कटॉपला तिची गरज नसते. तरी २०२४ च्या सुरुवातीला रायझन ८०००जी मालिका आली तेव्हा ती डेस्कटॉपवरही लागू राहिली होती आणि काही मिनिटांनी वीज ८८ वरून ६५ वॅटवर उतरत होती. एएमडीने ती चूक मान्य केली आणि बायोस अपडेटमधून दुरुस्त केली. ८६००जी किंवा ८७००जी असेल आणि बायोस त्या काळातलाच असेल, तर दुसरं काही करण्याआधी अपडेट करा.

इंटेलवर एचडब्ल्यूइन्फोमध्ये जीटी लिमिट रीझन्स हा गट उघडा. ग्राफिक्स कशामुळे थांबलं ते तिथे येस म्हणून दिसतं: पीएल१, पीएल२ (विजेच्या दोन मर्यादा), तापमान की व्हीआरएम. एएमडीपेक्षा इथे निदान सोपं आहे.

आता व्हीआरएम. एएम४ बोर्डच्या माहितीत ४+२ असं लिहिलेलं असतं. हा फेजचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या शाखांचा, हिशोब. त्यातला दुसरा आकडा एसओसीच्या (कोर सोडून चिपच्या बाकी भागाच्या) फेजचा, आणि पोटातलं ग्राफिक्स त्याच फेजवर पोसलं जातं. म्हणजे स्वस्त बोर्डावर ग्राफिक्सचा सगळा भार दोनच फेजवर, आणि बहुतेक वेळा त्यांच्यावर हीटसिंकही नसतो. ते तापले की क्लॉक एकदम ४००-५०० मेगाहर्ट्झवर कोसळतो, काही सेकंदांनी परत चढतो, पुन्हा कोसळतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोचॉट एक्स्ट या ओळीत येस दिसलं की समजा. बोट लावून बघू नका, भाजेल.

इथे एक उलटी गंमत आहे, ती लक्षात ठेवण्यासारखी. डब्यातला कूलर हवा खाली बोर्डवर मारतो, त्यामुळे व्हीआरएमलाही वारा लागतो. तो काढून उभा टॉवर कूलर लावला की प्रोसेसर थंड होतो, पण व्हीआरएमचा वारा तुटतो. टॉवर लावणार असाल तर कॅबिनेटच्या वरच्या किंवा मागच्या बाजूला १२० मिमीचा एक पंखा व्हीआरएमजवळ असलाच पाहिजे.

पायरी ५: उष्णता, आणि सोलापूरचा हिशोब

हीटसिंक हवेच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. खोली जितक्या अंशांनी तापेल जवळजवळ तितक्याच अंशांनी चिपही तापते. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत रात्री खोलीत २२ अंश असतात. त्या वेळी चाचणीत चिप ७६ वर थांबली आणि सगळं छान वाटलं, तर तेच सेटिंग एप्रिल-मे मध्ये बघा. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३९. म्हणजे १७ अंश वाढ, आणि चिप ९३ वर. ५६००जी ची मर्यादा ९५ आहे. तिथे पोहोचलं की प्रोसेसर स्वतःच क्लॉक खाली ओढतो, आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंग एचटीसीपुढे येस येतं.

म्हणून वहीतलं खोलीचं तापमान. नियम असा ठेवा: चाचणीतल्या कमाल तापमानातून खोलीचं तापमान वजा करा. येणारा फरक ४५ च्या आत असेल तर ते सेटिंग मे महिन्यातही चालेल. ५० ते ५५ असेल तर ते फक्त हिवाळ्याचं आहे.

दुसरी अडचण सुताची. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला, किंवा घराशेजारी टॉवेल-चादरींचे माग असलेल्या पूर्व भागात, हवेत तरंगणारी तूस साध्या धुळीसारखी वागत नाही. धूळ पात्यांवर बसते. तूस हीटसिंकच्या पापुद्र्यांच्या तोंडाशी अडकते आणि एकात एक गुंतून करड्या नमद्यासारखा थर होतो. वरून पंखा फिरताना दिसतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. पंखा काढला की खाली घोंगडीच्या तुकड्यासारखी चकती निघते. अशा ठिकाणी महिन्यातून एकदा, इतरत्र तीन महिन्यांनी सफाई करा. मशीन बंद, वायर काढलेली, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवलेली. एक इंची रंगाचा ब्रश आणि हातातला ब्लोअर एवढं पुरतं. पाती मोकळी सोडून ब्लोअर मारला तर पंखा अतिवेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

थर्मल पेस्ट बदलायला एएम४ वरचा कूलर काढताना एक खबरदारी घ्याच. आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून, वायर काढून स्क्रू ढिले करा, कूलर हळूच डावी-उजवीकडे पिळा आणि मगच वर उचला. थंड पेस्ट घट्ट चिकटलेली असते. सरळ ओढला तर सॉकेटमधून प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी.

२२००जी, २४००जी आणि ३२००जी यांच्या झाकणाखाली चिप आणि धातूच्या मध्ये कंपनीनेच पेस्ट भरलेली आहे. ३४००जी मध्ये तिथे सोल्डर आहे. त्यामुळे पहिल्या तिघांना महागडा कूलर लावूनही तापमान अपेक्षेएवढं उतरत नाही. झाकण उघडण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये. क्लॉक १०० ने कमी करा.

कूलरचा, म्हणजे खस लावलेल्या पाण्याच्या कूलरचा, इथल्या कोरड्या उन्हाळ्यात चांगला उपयोग होतो. खोलीचं तापमान चांगलंच उतरतं आणि चिपचंही तेवढंच. पण कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका, थेंब येतात. आणि त्याची मोटर कॉम्प्युटरच्याच एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका.

पायरी ६: आता चिपची कुवत

वरच्या चारही गोष्टी निस्तरल्यावरच इथे या. प्रोसेसरचे कोर ऑटोवर ठेवा. ५६००जी चे कोर हाताने ४.२ गिगाहर्ट्झवर बांधले तर सगळे कोर त्या वेगाने धावतात खरे, पण एका कोरचा ४.४ चा बूस्ट जातो, आणि गेमला तोच जास्त लागतो. ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला कोर ओव्हरक्लॉक करून हाती फार थोडं लागतं.

ग्राफिक्स क्लॉक १९०० वरून २०००, मग ५० च्या पायऱ्यांनी वर. प्रत्येक पायरीला सुपरपोझिशनची १० मिनिटं. एसओसी व्होल्टेज (ग्राफिक्सला मिळतं ते) १.१० पासून सुरू करा, वाढवायचं तर ०.०२५ ने, आणि १.२० ला थांबा. साधारणपणे ५६००जी २२०० ते २४०० च्या दरम्यान थकतो. तुमचा २२५० ला थकला तर त्यात बोर्डचा किंवा तुमचा दोष नाही. एकाच डब्यातल्या दोन चिपही सारख्या नसतात.

लक्षणं वाचायला शिका:

- स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होऊन परत येते, गेम बंद पडलेला असतो आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्प्लेची ४१०१ नोंद दिसते: ग्राफिक्स क्लॉक जास्त आहे. २५ ते ५० ने खाली या, किंवा व्होल्टेजची एक पायरी चढा.
- रंगीत ठिपके, चमकणारे त्रिकोण: तेच दुखणं, किंवा रॅम. मेमटेस्टने निवाडा करा.
- क्लॉक वाढला पण गुण तेवढाच राहिला: रॅम अडवते आहे. क्लॉक मागे घ्या. नुसती उष्णता वाढवता आहात.
- क्लॉक वाढला आणि गुण उतरला: विजेची मर्यादा. चौथ्या पायरीकडे परत.
- इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगर (हार्डवेअरच्या चुका) १८ किंवा १९ ची नोंद: कोरचं व्होल्टेज, कर्व्ह ऑप्टिमायझर किंवा एफसीएलके. आधी एफसीएलके एक पायरी उतरवा.
- निळी स्क्रीन न येता थेट रिस्टार्ट, आणि कर्नल-पॉवर ४१ सोडून दुसरी नोंद नाही: बहुधा वीजपुरवठा.

या शेवटच्या लक्षणावर इथे थोडं जास्त लिहायला हवं. शेजारी यंत्रमाग किंवा पिठाची गिरणी असेल तर मोटर सुरू होताना दिवे क्षणभर मंद होतात, ते तुम्ही पाहिलं असेल. त्याच क्षणी एसएमपीएस तोकडा पडला तर मशीन रिस्टार्ट होतं आणि दोष ओव्हरक्लॉकवर जातो. खात्री करायची तर सगळं डिफॉल्टवर आणून दिवसाच्या त्याच वेळी तीच चाचणी चालवा. तरीही रिस्टार्ट झालं, तर क्लॉकला हात लावू नका. कॅबिनेटसोबत फुकट आलेला बिनानावाचा एसएमपीएस बदलून ८० प्लस शिक्क्याचा ४५० वॅटचा घ्या. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला तो भरपूर आहे. सोबत व्होल्टेज सावरणारा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते आजच करा.

पायरी ७: दोन प्रोफाइल

सेटिंग पक्कं झालं की सिनेबेंच आणि सुपरपोझिशन एकदम ३० मिनिटं चालवा. मग खरा गेम दोन तास, दुपारी दोन ते चारच्या वेळात, खोलीचा पाण्याचा कूलर बंद ठेवून. यात टिकलं ते उन्हाळ्याचं सेटिंग. बायोसमध्ये ते एका प्रोफाइलवर साठवा. हिवाळ्याचं, म्हणजे ग्राफिक्स क्लॉक ५० ते १०० ने जास्त असलेलं, दुसऱ्यावर. रॅमचं सेटिंग दोन्हींत एकच ठेवा.

बायोस अपडेट केला की साठवलेली प्रोफाइल बहुतेक बोर्डांवर पुसली जातात. म्हणून प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि आकडे वहीतही उतरवा. होळी झाली की पंखा काढून तूस साफ करा, पुन्हा २० मिनिटांची चाचणी घ्या, चिप आणि खोली यांच्यातला फरक जुन्या आकड्याशी ताडून बघा. पाच अंशांपेक्षा जास्त वाढला असेल तर पेस्ट बदला, आणि मगच उन्हाळ्याचं प्रोफाइल लावा.